स्टॉकफिश घरच्या संगणकावर: विंडोज, लिनक्स, मॅक आणि मोबाईलवर बुद्धिबळाचा सराव बसवण्याची रीत

सरावासाठी स्टॉकफिश हा बुद्धिबळाचा प्रोग्राम डाउनलोड केलेले बरेच जण पहिल्याच पायरीवर थांबतात. फाइलवर डबल क्लिक केलं की पट दिसत नाही. काळी खिडकी उघडते, तिच्यात आवृत्तीचं नाव असलेली एक ओळ आणि खाली लुकलुकणारा कर्सर. प्रोग्राम खराब आहे असं समजून तो लगेच काढून टाकला जातो.

खराब काहीच नसतं. स्टॉकफिशचं काम एकच, समोरच्या मांडणीत चांगली चाल शोधणं. पट दाखवणं, सोंगट्या हलवणं, घड्याळ चालवणं, डाव जपून ठेवणं ही कामं दुसऱ्या प्रोग्रामची. पहिल्याला इंजिन म्हणतात, दुसऱ्याला इथे आपण सरळ 'पट' म्हणू. दोघं यूसीआय नावाच्या ठरलेल्या भाषेत एकमेकांशी बोलतात. हे लक्षात आलं की संगणक कोणताही असो, कामं तीच राहतात: इंजिन आणायचं, पट आणायचा, पटाला इंजिनाची जागा दाखवायची. चौथं काम म्हणजे इंजिनाची ताकद सरावाजोगी खाली आणणं. ते बहुतेकांकडून राहून जातं, आणि रोज वीस चालींत मात खाऊन पोरं आठ दिवसांत कंटाळतात. म्हणून बसवण्याइतकीच जागा खाली त्या चौथ्या कामालाही दिली आहे.

स्टॉकफिश २००८ साली ग्लॉरुंग या इंजिनावरून निघालं. ते जीपीएल परवान्याखाली आहे, म्हणजे मोफत आहे आणि वाटायलाही मोकळं आहे. स्टॉकफिशच्या नावाखाली पैसे मागणारं किंवा आधी 'डाउनलोड मॅनेजर' बसवायला लावणारं पान दिसलं तर ते बंद करा आणि अधिकृत संकेतस्थळावरूनच फाइल घ्या.

आधी नेट, वीज आणि पेन ड्राइव्हचा विचार

इंजिनाची फाइल शंभर एमबीच्या आसपास धरून चाला. पूर्वी ती चिमुकली असायची. २०२० च्या सप्टेंबरात आलेल्या बाराव्या आवृत्तीपासून इंजिनात न्यूरल नेटवर्क आलं, ते फाइलच्या पोटातच बसवलेलं असतं, म्हणून तिचा आकार वाढला. एकदा बसवल्यावर मात्र नेट अजिबात लागत नाही. तांड्यावर किंवा शेतातल्या घरी जिथे रेंज येते-जाते, तिथे हा याचा सगळ्यात मोठा गुण आहे.

म्हणून सोपी वाट अशी: तालुक्याच्या गावी किंवा जिथे नेट बरं आहे तिथे सगळ्या फाइली एकदाच डाउनलोड करा आणि पेन ड्राइव्हवर घेऊन या. शाळेच्या संगणक खोलीत दहा संगणक असतील तर दहा वेळा नेट जाळण्याची गरज नाही. फक्त तीन गोष्टी पाळा. डाउनलोड चालू असताना लाईट गेली तर अर्धवट झिप फाइल मागे राहते. ती उघडताना 'फाइल इनव्हॅलिड' असा संदेश येतो. तिच्याशी झटापट करू नका, पुसून नव्याने घ्या. दुसरं, झेरॉक्सच्या दुकानात फिरून आलेला पेन ड्राइव्ह आधी विंडोज सिक्युरिटीमधून स्कॅन करा. फोल्डरांच्या जागी बाण असलेले शॉर्टकट दिसू लागले तर तो व्हायरस आहे, त्यांवर क्लिक करू नका. तिसरं, झिप फाइल झिपच ठेवून न्या आणि त्या-त्या संगणकावर उघडा. सुट्या फाइली नेताना एखादी गळली तर कळत नाही, झिप अर्धवट असली तर उघडतानाच कळतं.

विंडोज

सुरुवात संगणक ओळखण्यापासून करा. 'सेटिंग्ज', 'सिस्टिम', 'अबाउट' इथे 'सिस्टिम टाइप' पाहा. ६४ बिट लिहिलेलं असेल तर पुढे चला. ३२ बिट असेल तर स्टॉकफिशच्या नव्या तयार फाइली तिथे चालणार नाहीत. अशा संगणकावर खाली सांगितलेला अरेना हा पट बसवा आणि त्याच्यासोबत येणारी लहान इंजिनं वापरा. शिकणाऱ्याला तीही पुरून उरतात.

आता प्रोसेसर. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. 'परफॉर्मन्स'मध्ये 'सीपीयू'वर गेलं की उजवीकडे वर पूर्ण नाव दिसतं. ते कागदावर लिहून घ्या, कारण स्टॉकफिशच्या पानावर एकाच इंजिनाच्या बऱ्याच फाइली असतात आणि चुकीची उचलली तर इंजिन सुरूच होत नाही.

इंटेलचा कोअर आय३, आय५, आय७ यांपैकी चौथ्या पिढीचा, म्हणजे २०१३ चा किंवा नंतरचा असेल तर 'एव्हीएक्स२' नावाची फाइल घ्या. एएमडी रायझन असेल तरी हीच. 'बीएमआय२' नावाची फाइल इंटेलवर जरा अधिक वेगात चालते, पण २०२० च्या आधीच्या रायझनवर उलट मंदावते, कारण त्यांतली एक सूचना फार हळू चालते. सरावाला हा फरक जाणवतही नाही, म्हणून शंका असेल तिथे 'एव्हीएक्स२'च बरी.

पेंटियम आणि सेलेरॉन यांच्या बाबतीत मात्र सावध राहा. स्वस्तात मिळतात म्हणून शाळा, अभ्यासिका, सेतू केंद्रं इथे हेच जास्त दिसतात. संगणक २०१६ चा असो की २०१८ चा, यांतल्या बहुतेकांत 'एव्हीएक्स२' ही प्रोसेसरची सोय नसते. त्यांच्यासाठी नावात 'एसएसई४१-पॉपसीएनटी' असलेली फाइल घ्या. त्याहून जुना कोअर टू ड्युओ असेल तर तीही चालत नाही. तिथे नावापुढे कसलीच जोड नसलेली, नुसती 'एक्स८६-६४' लिहिलेली फाइल लागते. ही शेवटची फाइल सगळ्या ६४ बिट संगणकांवर चालते, फक्त हळू. दहा वेगवेगळे संगणक असलेल्या खोलीत बिनदिक्कत तीच वापरा.

फाइल आली की झिपवर राइट क्लिक करून 'एक्स्ट्रॅक्ट ऑल' करा. झिपच्या आत शिरून तिथूनच इंजिन चालवायचा प्रयत्न ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे. विंडोज झिपचं पोट फोल्डरसारखं दाखवतं, म्हणून फसायला होतं. पटाला मात्र त्या जागेवरून इंजिन सापडत नाही.

कुठे ठेवायचं? सी किंवा डी ड्राइव्हवर थेट एक फोल्डर करा आणि त्याचं नाव रोमन अक्षरांत, मधे जागा न सोडता, एका शब्दात ठेवा. फोल्डरला मराठी नाव द्यावंसं वाटणं साहजिक आहे, पण अरेनासारख्या जुन्या प्रोग्रामांना देवनागरी नावं वाचता येत नाहीत आणि इंजिन 'सापडत नाही' असं ते सांगत बसतात. संगणकावरच्या खात्याचंच नाव देवनागरीत असेल तर डेस्कटॉप आणि डाउनलोड या जागाही त्याच कारणाने टाळा. डेस्कटॉप टाळायला आणखी एक कारण आहे. तो वनड्राइव्हशी जोडलेला असेल तर जागा वाचवण्यासाठी फाइल ढगात जाते, इथे फक्त तिचं चिन्ह उरतं, आणि नेट नसताना इंजिन उघडत नाही. 'प्रोग्राम फाइल्स'मध्येही ठेवू नका. जुने प्रोग्राम आपली सेटिंगं स्वतःच्याच फोल्डरात लिहितात आणि तिथे लिहायची परवानगी साध्या खात्याला नसते, त्यामुळे दर वेळी सेटिंगं पुसली जातात.

पट म्हणून अरेना घ्या. मोफत आहे, हलका आहे, दोन जीबी रॅमवरही अडखळत नाही. त्याची झिप घेऊन वरच्याच फोल्डरात उघडली की ॲडमिन पासवर्डशिवाय काम भागतं, आणि शाळेच्या संगणकाचा तो पासवर्ड सहसा कुणाजवळ नसतोच. पहिल्यांदा उघडताना निळी पट्टी येऊन 'विंडोजने तुमचा पीसी वाचवला' अशा अर्थाचा इंग्रजी संदेश दिसेल. फाइल अधिकृत जागेवरून आणली असेल तर 'मोअर इन्फो' आणि मग 'रन एनीवे' दाबा. फाइल कुठून आली हे ठाऊक नसेल तर दाबू नका.

आता दोघांची गाठ घाला. अरेनात वर 'इंजिन्स' मेनू आहे, त्यात 'इन्स्टॉल न्यू इंजिन'. स्टॉकफिशच्या फोल्डरात जाऊन इंजिनाची ईएक्सई फाइल निवडा. प्रकार विचारला तर 'यूसीआय' सांगा, 'विनबोर्ड' ही दुसरी भाषा नको. प्रकार चुकला तर इंजिन यादीत दिसतं पण चाल खेळत नाही, घड्याळ मात्र चालू राहतं. असं झालं की इंजिन यादीतून काढून पुन्हा बसवणं हाच उपाय.

गाठ घालूनही इंजिन गप्प असेल तर दोष पटाचा की इंजिनाचा हे एका मिनिटात कळतं. स्टॉकफिशवर डबल क्लिक करून ती काळी खिडकी उघडा. रोमन छोट्या अक्षरांत यू, सी, आय ही तीन अक्षरं लिहून एंटर दाबा. ओळींची रांग खाली सरकेल आणि शेवटी 'यूसीआय-ओके' एकाच शब्दात दिसेल. दिसलं तर इंजिन ठणठणीत आहे, दोष जोडणीत आहे. खिडकी उघडताक्षणी मिटली तर प्रोसेसरला न जुळणारी फाइल आणलेली आहे. वरच्या यादीत एक पायरी खालची घ्या. खिडकी बंद करायला 'क्विट' लिहून एंटर. फाइलच गायब झाली असेल तर अँटिव्हायरसने ती बाजूला काढली असणार. त्याच्या 'प्रोटेक्शन हिस्टरी'त जाऊन परत मिळवता येते.

विंडोज १० ची मोफत सुरक्षा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. अरेना आणि स्टॉकफिश त्यावर चालतातच. पण संगणक तसाही जुना झाला असेल आणि फक्त सराव, टायपिंग, अभ्यास एवढ्याचसाठी असेल, तर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली टाकून पाहण्यासारखं आहे.

लिनक्स

इथे काम खरोखरच सोपं आहे, कारण इंजिन आणि पट दोन्ही तुमच्या लिनक्सच्या स्वतःच्या प्रोग्राम-भांडारातच असतात. प्रोसेसर ओळखत बसायची गरज नाही, तिथली फाइल सर्वसाधारण संगणकासाठीच बनवलेली असते.

लिनक्स मिंटमध्ये 'सॉफ्टवेअर मॅनेजर' उघडा. ग्नोम चेस आणि स्टॉकफिश ही दोन नावं एकामागून एक शोधून बसवा. ग्नोम चेस सुरू होताना ओळखीची इंजिनं स्वतः शोधतो, पत्ता सांगावा लागत नाही. नव्या डावाच्या खिडकीत प्रतिस्पर्धी म्हणून स्टॉकफिश निवडायचं आणि अवघडपणा सोपा, मध्यम, कठीण यांतून ठरवायचा. लहान मुलांसाठी एवढा पट पुष्कळ झाला. जाणत्यांनी त्याच्या जोडीला पायचेस घ्यावा. त्यात मनाजोगी मांडणी लावून तिथून खेळता येतं आणि शिकण्याच्या विभागात कोडी व डावाच्या अखेरचे सराव आहेत.

टर्मिनलची सवय असेल तर एका ओळीत काम होतं. सुडो, एपीटी, इन्स्टॉल, ग्नोम-चेस, स्टॉकफिश हे पाच शब्द रोमन छोट्या अक्षरांत, मधे एकेक जागा सोडून लिहा. ग्नोम आणि चेस यांच्या मधली आडवी रेघ विसरू नका. पासवर्ड लिहिताना पडद्यावर काहीच उमटत नाही, ठिपकेही नाहीत. की-बोर्ड बंद पडला असं वाटतं, पण लिहून एंटर दाबा. भांडार 'लॉक' आहे असा संदेश आला तर मागे आपोआप अपडेट चालू आहे. दहा मिनिटं थांबा, जबरदस्तीने लॉक फाइल पुसू नका, नाहीतर अर्धवट अपडेट निस्तरत बसावं लागेल. सी-डॅकचं बॉस लिनक्स डेबियनवर उभं आहे, तिथेही हीच ओळ. फेडोरावर एपीटीच्या जागी डीएनएफ.

अडचण येते ती एकाच ठिकाणी. उबुंटूच्या ॲप सेंटरमधून किंवा मिंटमध्ये फ्लॅटपॅक हा वेगळा बांधलेला प्रकार निवडून पट घेतला, तर तो आपल्या कुंपणात बंद असतो. बाहेर एपीटीने बसवलेलं स्टॉकफिश त्याला दिसत नाही. 'इंजिन बसवलेलं नाही' अशा अर्थाचा संदेश येतो आणि माणूस पुन्हा पुन्हा स्टॉकफिश बसवत राहतो. पट आणि इंजिन दोन्ही एकाच वाटेने आणा, दोन्ही एपीटीने. डेबियन घराण्यात (डेबियन, उबुंटू, मिंट) इंजिन नेहमीच्या 'बिन' फोल्डरात न जाता 'यूएसआर'मधल्या 'गेम्स' फोल्डरात जातं, हेही ध्यानात असू द्या. एखाद्या पटाने पत्ता विचारला तर तिथेच बोट दाखवायचं.

संकेतस्थळावरून आणलेलं इंजिन पेन ड्राइव्हवरून कॉपी केलं असेल आणि 'परमिशन डिनाइड' येत असेल, तर फाइलवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मध्ये प्रोग्राम म्हणून चालवायची परवानगी द्या. 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' आलं तर तोच विंडोजमधला रोग, प्रोसेसरला न जुळणारी फाइल.

मॅक

मॅकवर बुद्धिबळ आधीच असतं. 'ॲप्लिकेशन्स'मध्ये 'चेस' नावाचा प्रोग्राम आहे, आत स्जेंग नावाचं इंजिन. सेटिंगमध्ये वेग आणि ताकद यांची एक सरकपट्टी आहे, नवशिक्याने ती वेगाच्या टोकाला ठेवावी. स्टॉकफिशच हवं असेल तर ॲप स्टोअरवर त्याच नावाचं मोफत ॲप आहे, पट आणि इंजिन एकत्रच येतात. इतर ठिकाणाहून आणलेला पट उघडायला मॅकने नकार दिला तर 'सिस्टिम सेटिंग्ज'मधल्या 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'त तळाशी 'ओपन एनीवे' येतं. पूर्वी कंट्रोल धरून क्लिक केलं की भागायचं. मॅकच्या सेकोया आवृत्तीपासून ती वाट बंद झाली आहे.

मोबाईल

घरात संगणक नसला तरी अँड्रॉइड फोन असतोच, आणि सरावासाठी तो कमी नाही. ड्रॉइडफिश हे मोफत ॲप घ्या. जाहिराती नाहीत, खातं नाही, नेट नाही. त्यात स्टॉकफिश आणि ककूचेस ही दोन इंजिनं आधीच बसवलेली असतात, म्हणजे जोडणीचं काम उरतच नाही.

ते एफ-ड्रॉइड या भांडारात मिळतं. एफ-ड्रॉइडची एपीके, म्हणजे ॲप बसवायची, फाइल त्यांच्या संकेतस्थळावरून घेताना फोन विचारेल, 'या ब्राउझरला ॲप बसवू द्यायचं का?' परवानगी द्या, एफ-ड्रॉइड बसवा, आणि ब्राउझरची ती परवानगी लगेच काढून घ्या. ती तशीच उघडी राहिली तर उद्या लग्नपत्रिकेच्या किंवा बँकेच्या नावाखाली आलेली घातक एपीके फाइल त्याच दारातून आत शिरते. हे काम मुलांच्या हातात न देता मोठ्यांनी करावं. पुढे एफ-ड्रॉइडमध्ये ड्रॉइडफिश शोधून बसवायचं.

खेळायला 'प्ले व्हाइट' किंवा 'प्ले ब्लॅक' निवडा. 'ॲनालिसिस मोड' चुकून चालू राहिला तर इंजिन न थांबता विचार करत राहतं, फोन तापतो आणि तासाभरात बॅटरी निम्म्यावर येते. आयफोनवर ॲप स्टोअरमधून कोणतंही ॲप घेतलंत तरी पहिल्यांदा एअरप्लेन मोड लावून संगणकाविरुद्ध एक डाव खेळून पाहा. जे ॲप तेव्हा अडतं ते रेंज गेल्यावरही अडणार.

बसवल्यानंतर: ताकद, धागे आणि उष्णता

इंजिनाच्या 'कॉन्फिगर' खिडकीत पुष्कळ आकडे दिसतात. त्यांतल्या चारांकडेच बघा.

'थ्रेड्स' म्हणजे प्रोसेसरचे किती धागे वापरायचे. मुळात १ असतो. तो १ च राहू द्या. एका धाग्यावरचं स्टॉकफिशही जगज्जेत्याला भारी आहे, तेव्हा चार धागे देऊन तुमच्या सरावात काडीची भर पडत नाही. भर पडते ती उष्णतेत. एप्रिल-मेमध्ये परभणी, नांदेडकडे पारा ४२-४३ च्या वर गेलेला असतो. पत्र्याच्या खोलीत, सतरंजीवर ठेवलेल्या लॅपटॉपचा खालचा झरोका बंद होतो, प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग पाडतो आणि अख्खा संगणक अडखळू लागतो. लॅपटॉप पाटावर किंवा फळीवर ठेवा आणि मागची बाजू भिंतीपासून वीतभर पुढे.

'हॅश' म्हणजे इंजिनाची आठवण, एमबीत मोजलेली. मुळात १६. चार जीबी रॅम असेल तर १२८ करायला हरकत नाही, दोन जीबी असेल तर आहे तशीच ठेवा. मोठा आकडा चांगला म्हणून २००० टाकला की रॅम संपते आणि डिस्क घरघरत बसते.

'स्किल लेव्हल' ० पासून २० पर्यंत असते, मुळात २०. आणि 'यूसीआय लिमिट स्ट्रेंग्थ' वर खूण केली की 'यूसीआय ईएलओ' मध्ये थेट रेटिंगचा आकडा देता येतो. नव्या आवृत्त्यांत तो १३२० च्या खाली जात नाही. इथेच मोठी गल्लत होते. १३२० हा सर्वांत लहान आकडा आहे म्हणून तो नवशिक्याचा आकडा समजला जातो. तसं नाही. फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेची स्वतःची रेटिंग यादीच मार्च २०२४ पासून १४०० ला सुरू होते. नुकत्याच चाली शिकलेल्या मुलाला ० पातळीचं इंजिनही धोपटून काढतं.

त्याच्यासाठी दोन उपाय आहेत. अरेनात 'लेव्हल्स' मेनूत वेळेऐवजी ठरावीक खोलीपर्यंतच, म्हणजे मोजक्याच चाली पुढपर्यंत, विचार करायला लावता येतं. ती खोली १ किंवा २ ठेवा आणि स्किल लेव्हल ०. तरी जड जात असेल तर 'पोझिशन' मेनूतून मांडणी उघडा, इंजिनाचा वजीर काढून टाका आणि खेळा. इंजिन वजिराविना असताना मुलगा जिंकू लागला की पुढच्या आठवड्यात वजीर परत द्या आणि एक हत्ती काढा, मग एक घोडा. हा जुना पारावरचा रिवाज आहे आणि कुठल्याही सरकपट्टीपेक्षा चांगला चालतो, कारण कमी ताकदीचं इंजिन माणसासारखं चुकत नाही. दहा चाली ते नेमक्या खेळतं आणि अकराव्या चालीला फुकटात उंट देतं. त्या भेट मिळालेल्या उंटावर जिंकायची सवय लागली की स्पर्धेत पंचाईत होते.

पूर्ण ताकद कधी वापरावी? डावाच्या अखेरच्या सरावात, आणि तिथे तर अवश्य वापरावी. ही मांडणी लावा: पांढरा राजा ई४ वर, पांढरं प्यादं ई३ वर, काळा राजा ई६ वर. पटावर बाकी काही नाही. मांडणीच्या खिडकीत पुढची चाल कुणाची हे सांगायला विसरू नका, कारण सगळा निकाल त्यावरच आहे.

काळ्याची चाल ठेवून तुम्ही पांढरे घ्या. काळा राजा डी६ ला सरकला की तुमचा राजा एफ५ ला. तो ई७ ला आला की तुमचा ई५ ला, पुन्हा समोरासमोर. तुमचा राजा प्याद्याच्या पुढे राहून सहाव्या ओळीत पोचला की डाव तुमचा. प्यादं आधी ढकललंत तर स्टॉकफिश बरोबरी घेऊन जाईल, एकही चूक माफ करणार नाही. आता पांढऱ्याची चाल ठेवून तुम्ही काळे घ्या. इथे बरोबरी तुमच्या हातात आहे: पांढरा राजा जिकडे सरकेल तिकडेच त्याच्या समोर उभं राहायचं, आणि प्यादं ई६ ला पोचून पांढरा राजा ई५ ला आला की ई७ वरून सरळ मागे ई८ ला जायचं. डी८ किंवा एफ८ ला गेलात की हरलात. दोन्ही बाजू लागोपाठ पाच वेळा न चुकता जमेपर्यंत ही मांडणी सोडू नका. ग्नोम चेसमध्ये अशी मांडणी लावता येत नाही, तिथे पायचेस वापरा. ड्रॉइडफिशमध्ये पट बदलण्याची सोय आहे.

घरात आजोबांकडून देशी पद्धत शिकलेली मुलं एक तक्रार हमखास करतात: 'संगणक खोटं खेळतो, प्यादं दोन घरं पुढं जातं.' देशी पद्धतीत प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकतं. आंतरराष्ट्रीय नियमांत पहिली चाल दोन घरांची चालते, आणि तशा उडी मारून बाजूला आलेल्या प्याद्याला लगेच पुढच्या चालीत तिरकं मारताही येतं. त्याला एन पासाँ म्हणतात. पटावरून प्यादं अचानक गायब झालं तर आधी हा नियम आठवा. किल्लेकोट होत नसेल तर राजा किंवा तो हत्ती आधी हललेला आहे का, राजाला शह आहे का, किंवा राजाच्या वाटेतल्या घरावर कुणाचा मारा आहे का, हे पाहा. किल्लेकोट करताना राजाला दोन घरं सरकवायचं असतं. हत्ती आधी उचललात तर ती नुसती हत्तीची चाल ठरते.

डाव जपणे आणि इंजिन बदलणे

यूपीएस नसलेल्या संगणकावर लाईट गेली की चालू डाव गेला. अर्ध्या डावाला एकदा पीजीएन म्हणून सेव्ह करायची सवय लावा. पीजीएन साधी मजकुराची फाइल असते, काही केबींची, आणि ती अरेना, पायचेस, ड्रॉइडफिश सगळीकडे उघडते. शाळेत अर्धा राहिलेला डाव त्यामुळे घरी फोनवर पुरा करता येतो. खेळाडूचं नाव आणि तारीख लिहायची जागा त्यात असते, ती भरा. महिन्याभराने वीस फाइली जमल्या की कुठली कुणाची हे कळायला तेवढाच आधार.

स्टॉकफिशची नवी आवृत्ती आली म्हणून लगेच बदलायची घाई नको, सरावाला जुनीही तेवढीच कडक आहे. बदलायचीच असेल तर जुन्या फाइलवर नवी चढवू नका. शेजारी नवा फोल्डर करा, पटात नवं इंजिन वेगळं जोडा, थ्रेड्स, हॅश आणि स्किल लेव्हल पुन्हा भरा, कारण नव्या जोडणीत हे आकडे मुळावर गेलेले असतात. एक पुरा डाव नीट झाला की मगच जुना फोल्डर पुसा.